आधी जागा गेली

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेला वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. या पट्ट्यातल्या कुठल्याही पालकसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो: मोबाइलपायी मुले हातची गेली. ती चिडचिडी झाली, रात्र रात्र जागतात, चारचौघांत तोंड उघडत नाहीत, दुसऱ्यांचे फोटो पाहून स्वतःला कमी लेखतात. तक्रार खोटी नाही, पण तिच्यातला इतिहास फार तोकडा आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा जवळपास फुकट झाला आणि त्या दिवसापासून सगळे बिघडले, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. त्याआधीची मुले जणू मैदानात खेळत होती, ओट्यावर गप्पा मारत होती आणि मनाने ठणठणीत होती! निदान उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांपुरते तरी हे गृहीतक टिकत नाही. इथल्या तरुणांची एकत्र जमण्याची जागा फोन येण्याच्या कितीतरी आधी, टप्प्याटप्प्याने आणि अनेकदा सरकारी कागदांच्या साक्षीने गेली. संध्याकाळ रिकामी झाली आणि मग फोन आला. त्याने केलेले नुकसान खरे आहे. पण ते इथे इतके खोल का गेले, हे कळायला या गावांची वाढ कशी झाली ते पाहावे लागते.

उल्हासनगरात पहिली पिढी आली ती नेमून दिलेल्या जागेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. तिच्यात दोन हजारांवर बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या बराकींत ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी पत्त्यातला ‘कॅम्प’ आजही तसाच आहे. एक ते पाच या कॅम्पांच्या आकड्यांवरच शहर ओळखले जाते. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा किंवा चादरीचा आडोसा, नळ आणि शौचालये सामाईक. सिंधी हिंदूंच्या या परवडीचा शोध नंदिता भावनानी यांनी ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ या २०१४ सालच्या पुस्तकात विस्ताराने घेतला आहे. घरदार सोडून आलेल्या आईबापांपाशी दुःख बोलून दाखवायला उसंत नव्हती आणि पोरे लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकून घराला हातभार लावत होती. त्या पोरांच्या मनाची अवस्था कोणी मोजली नाही, मोजण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसती. त्यामुळे ‘पूर्वी मुले सुखी होती’ हे वाक्य उल्हासनगरात उच्चारताना जपून उच्चारावे. एवढे मात्र खरे, की बराकीत एकांत अजिबात नव्हता आणि बराकींच्या मध्ये मोकळी जागा भरपूर होती. घरात मावत नाही म्हणून माणूस बाहेर येई आणि बाहेर आला की त्याला दुसरा भेटे. दरबारांतला संध्याकाळचा सत्संग, चालिहो व्रताचे चाळीस दिवस, बराकीसमोर टाकलेली खाट या साऱ्यांत मोठ्यांच्या जोडीने तरुणही आपोआप सामावले जात. त्यासाठी वेगळा खर्च नव्हता आणि कोणाची परवानगीही लागत नव्हती.

ही मधली जागा कशी गेली, हा उल्हासनगरच्या इतिहासातला सर्वात दुर्लक्षित धागा आहे. निर्वासितांनी सरकारच्या मदतीची फार वाट पाहिली नाही. बराकीच्या पुढे एक खोली वाढली, त्या खोलीत शिवणयंत्र आले, मागे माळा चढला, माळ्यावर कारागीर राहू लागले. पापड, मिठाई, फर्निचर, कापड, पुढे जीन्स असा सगळा व्यापार या वाढवलेल्या इंचाइंचावर उभा राहिला. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्यांच्यापाशी भांडवल म्हणून फक्त बराकीसमोरचे अंगण होते, त्यांनी अंगणाचेच भांडवल केले, यात नवल ते काय? पुढे मात्र या वाढीची सूत्रे कुटुंबांच्या हातून बिल्डरांच्या हाती गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश निघाला. हजारो कुटुंबे रस्त्यावर येतील म्हणून राज्य सरकारने आधी वटहुकूम काढला आणि २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे नियमित करणारा कायदा केला. माणुसकीच्या बाजूने पाहिले तर दुसरा मार्ग नव्हता, असे माझेही मत आहे. पण त्या कायद्याने घरे वाचवताना आणखी एक गोष्ट पक्की केली: इमारतींखाली गेलेली मोकळी जागा आता कायमची गेली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ६ हजारांच्या घरात होती आणि क्षेत्रफळ तेरा-साडेतेरा चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरमागे ३५ हजारांहून जास्त माणसे. गोल मैदानासारख्या मोजक्या मोकळ्या जागांवर सभांपासून सत्संगापर्यंत सगळ्यांचाच डोळा. १९६५ मध्ये सुरू झालेल्या चांदीबाई कॉलेजात शिकणारी मुले वर्ग सुटल्यावर भेटत ती रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या पायरीवर किंवा उपाहारगृहात. पायरीवरून दुकानदार उठवतो आणि उपाहारगृहात काहीतरी मागवावे लागते. जागा भाड्याने घेतल्याखेरीज मित्रांबरोबर बसता येत नाही, ही सवय या शहराच्या तरुणांना स्मार्टफोनच्या निदान वीस वर्षे आधी लागली.

अंबरनाथची तऱ्हा अगदी वेगळी. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची जत्रा हे गावाचे जुने मध्यबिंदू होते. पण गावाला आधुनिक रूप दिले ते कारखान्यांनी. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलातून आलेली विम्को ही काडेपेटीची कंपनी, स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिची वसाहत, मग एमआयडीसी. कारखान्याच्या वसाहतीत तरुणाला जागा मिळे ती बापाच्या नोकरीच्या हक्काने. क्वार्टर, मैदान, दवाखाना, शाळा, गणपतीचा मंडप सगळे एकाच कुंपणात. भोंगा झाला की घरात हालचाल सुरू होई आणि पाळी संपली की बाप घरी दिसे. यातला शेवटचा भाग आजच्या चर्चेत फारसा कोणी धरत नाही. वयात येणाऱ्या मुलाच्या मनःस्थितीवर घरात मोठे माणूस कधी असते याचा परिणाम मैदानाइतकाच मोठा असतो आणि कारखान्याची पाळी कितीही जाचक असली तरी ती ठरलेली होती. अर्थात वसाहतीने तुलनाही शिकवली. कुंपणाच्या आतली मुले आणि बाहेरची मुले, अधिकाऱ्यांचे बंगले आणि कामगारांच्या चाळी, कोणाचा बाप कायम आणि कोणाचा हंगामी, हे प्रत्येक पोराला तोंडपाठ असे. स्वतःला दुसऱ्याच्या तुलनेत हलके समजण्याचा रोग इन्स्टाग्रामने इथे आणला नाही. तो रोग तेव्हा हद्दीत होता, इतकेच: तुलना शेजारच्या रांगेपर्यंत जाई आणि तिथे थांबे. विम्कोचे वैभव ओसरले, एमआयडीसीत कायम नोकरीऐवजी कंत्राट आले आणि ठरलेली पाळी, ठरलेले कुंपण, ठरलेला पगार या तिन्ही गोष्टी पुढच्या पिढीला मिळाल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसरी कुठली व्यवस्था उभी राहिली, असेही झाले नाही.

बदलापूरला जागेचा तुटवडा नव्हता. इथे उल्हास नदी आहे, मागे डोंगर आहे, कोंडेश्वराचा धबधबा आहे, बारवी धरण आहे. १८५६ मध्ये कल्याणहून पुढे गेलेल्या लोहमार्गावरचे हे गाव शतकभर भातशेतीचे राहिले. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर दोन्ही तिच्यात घातली गेली. १९९२ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांना स्वतंत्र नगरपालिका मिळाल्या. कारभार कल्याणहून चालायचा त्याच नऊ वर्षांत मुंबई-ठाण्यात घर न परवडणारा नोकरदार या बाजूला सरकू लागला होता. २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आतबाहेर होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. या नव्या बदलापूरकराने घर घेतले आणि त्याची किंमत वेळात चुकवली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून सुमारे ६८ किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास, वर स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि पुलावरची गर्दी. आईबाप दोघेही नोकरीला असतील तर घर सकाळी सातपासून रात्री नवापर्यंत मुलांच्या हवाली. उल्हासनगरात मैदान गेले, अंबरनाथमध्ये वसाहत विरली आणि बदलापुरात संध्याकाळच गेली. सोसायट्यांच्या आवारांत वाहने उभी राहिली, तिथे खेळायला मनाई करणारी पाटी लागली. शेजारी नवा, त्याचा शेजारी त्याहून नवा. ज्यांच्या डोळ्यांदेखत मूल वाढते आणि जे त्याला हटकू शकतात अशी माणसे जमायला एक पिढी जावी लागते, तेवढा अवकाशच मिळाला नाही. लोकलच्या डब्यात मात्र ही माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे भेटत राहिली. भजनी मंडळे, ठरलेल्या गाडीचे गट, हळदीकुंकू, वाढदिवस, दसऱ्याला डब्याची पूजा असे समाजजीवन फलाटावर आणि डब्यात फुलले. मोठ्यांना गाडीत गाव मिळाले. दहावी-बारावीच्या मुलांना त्यात प्रवेश नव्हता आणि ती नोकरीला लागून डब्यात चढली तोवर कानांत हेडफोन आले होते.

फोनचा इतिहासही एका उडीत २०१६ वर येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ नाक्यानाक्यावर आले. रात्री दर उतरले की तिथे रांग लागे. रांगेतला मागचा माणूस काचेवर टकटक करी आणि मीटरवरचा आकडा डोळ्यांसमोर पळत असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि नव्या शतकाच्या तोंडाशी स्टेशनालगत सायबर कॅफे उभे राहिले. २००४ साली आलेल्या ऑर्कुटवर इथली कॉलेजची पिढी रमली, ती तासाचे पैसे मोजून, शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला विचारत. एसएमएसच्या पॅकलाही मर्यादा असे. या प्रत्येक साधनाला पैशाची, वेळेची किंवा रांगेतल्या माणसांच्या नजरेची वेसण होती आणि ती वेसण कोणा शहाण्याने विचारपूर्वक घातलेली नव्हती, ती तंत्राच्या महागाईतून आपोआप आली होती. फेसबुकचे ‘लाइक’ २००९ मधले. त्याने पसंतीचा आकडा जाहीर केला. २०१६ ने पैशाची वेसण काढली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. तोवर टाळेबंदीने शाळाही फोनमध्ये आणून ठेवली होती. तुलनेची हद्दही त्याबरोबर पुसली गेली. पूर्वी दहावीची गुणवत्ता यादी वर्षातून एकदा वर्तमानपत्रात येई, चार दिवस घराघरांत टोमणे ऐकावे लागत आणि जून संपता संपता विषय मिटे. मुलांवरच्या ताणाचा विचार करून मंडळाने ती यादी बंदही केली. आता यादी दिवसभर चालू असते आणि तिच्यात गुण सोडून बाकी सगळ्याची क्रमवारी लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ज्या देशांत बागा, मैदाने, वाचनालये भरपूर आहेत तिथेही मुले खचत आहेत, मग उल्हासनगरच्या बराकींचा संबंध काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याच्या बाजूने चांगला पुरावाही आहे. फेसबुक अमेरिकेत सुरुवातीला एकेका विद्यापीठात टप्प्याटप्प्याने पोहोचले. या टप्प्यांचा उपयोग करून ब्राघिएरी, लेव्ही आणि माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवले, की ते जिथे पोहोचले तिथल्या विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावले, आणि यामागे इतरांशी होणारी तुलना हे मुख्य कारण दिसले. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारात हिरवळीची वाण नव्हती. तेव्हा फोनचे स्वतःचे विष आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण दुसरीकडे एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा डिजिटल साधनांच्या वापराने मुलामुलांतल्या सुखासमाधानाच्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के भाग समजावता येतो, असे आढळले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. सरासरी परिणाम लहान असला तरी तो सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्या मुलाच्या आयुष्यात फोनखेरीज दुसरे काही उरले आहे त्याच्यावर कमी आणि ज्याच्या आयुष्यात दुसरे काहीच उरलेले नाही त्याच्यावर जास्त पडतो, असे मानायला जागा आहे. शहराचा इतिहास इथे कामाला येतो: कोणत्या मुलाकडे काय उरले आहे, हे त्यावरून कळते. भारतापुरता एक दुवा आणखी. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ग्रामीण भागात ६.९ आणि महानगरांत १३.५. महाराष्ट्र या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत नव्हता, त्यामुळे हे आकडे बदलापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी त्यांची तारीख पाहण्यासारखी आहे. स्वस्त डेटा येण्यापूर्वीच महानगरातल्या किशोरवयीनांमधले प्रमाण खेड्याच्या जवळपास दुप्पट होते. महानगराने काहीतरी आधीच बिघडवून ठेवले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीत टाकतो. जी जागा गेली म्हणून हळहळायचे, ती होती कोणाची? बराकीसमोरची खाट, दुकानाची पायरी, अंबरनाथच्या वसाहतीतले मैदान, नदीकाठ, सायबर कॅफे ही सगळी बहुतांश मुलग्यांची ठिकाणे. मुलगी तिथे संध्याकाळी सातनंतर दिसली तर तिचीच चौकशी होई. तिच्या वाट्याला गच्ची, जिना, नळ, क्लासला जाण्या-येण्याची वाट, गणपती-नवरात्राच्या ठरावीक रात्री आणि नशिबात असेल तर वाचनालय. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’ आज ग्रंथसंग्रहासाठी महाराष्ट्रभर माहीत आहे, पण दर गावात एक श्याम जोशी नसतो. तेव्हा मुलीला घराबाहेर न पडता मैत्रिणींशी, अनोळखी जगाशी, स्वतःच्या आवडीनिवडींशी बोलता येईल अशी पहिली जागा फोनने दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तीही अर्धीमुर्धीच. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाच्या ‘असर २०२३’ या शैक्षणिक पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये १९.८ टक्क्यांकडे. मुलीचा फोन बहुतेकदा घरातल्या दुसऱ्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या नजरेखालचा. आणि ज्या दारातून जग आत आले त्याच दारातून तिच्यावर शेरे मारणारेही आत आले. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत होते, की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटले. मला वाटते, या आक्षेपाने मूळ मुद्दा मोडत नाही, उलट तो अधिक धारदार होतो: मुलाची जागा गेली आणि मुलीला ती कधी मिळालीच नाही. म्हणून जुना कट्टा परत आणा, हे उत्तर निम्म्या तरुणांच्या दृष्टीने उत्तरच नव्हे.

फोनच्या बाजूने आणखीही बोलता येते. उत्तर प्रदेशातून येऊन उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात सुया बदलणाऱ्या मुलाला गावच्या बहिणीचा चेहरा रोज दिसतो, ही साधी गोष्ट नाही. त्याच्या आधीच्या पिढीला त्यासाठी होळीची वाट पाहावी लागे. आणि २० ऑगस्ट २०२४ चा बदलापूरचा दिवस या सगळ्या वादात वेगळा ठेवून पाहावा लागतो. शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची दाद लागत नाही म्हणून चिडलेल्या गावाला व्हॉट्सॅपवरच्या निरोपांनी एकत्र आणले. पालक, तरुण, बायका मोठ्या संख्येने होते. जमाव शाळेपासून स्टेशनात गेला आणि रुळांवर उतरला. लोकल जवळपास दिवसभर बंद राहिल्या. त्या दिवशी दगडफेकही झाली, लाठीमारही झाला, पुढे गुन्हे दाखल झाले. ज्या माध्यमाने तरुणांना एकेकटे केले म्हणतात, त्यानेच हे हजारो लोक काही तासांत एका ठिकाणी आणले. पण ते ठिकाण कोणते, हेही पाहा. पावणेदोन लाखांच्या वर गेलेल्या या शहरात सगळ्यांना एकत्र उभे राहता येईल आणि सरकारला दिसेल अशी जागा रेल्वेच्या मालकीची निघाली. दुसऱ्या दिवशी शहरातले इंटरनेट बंद करण्यात आले.

बंद करणे हा या पट्ट्यातल्या प्रशासनाचा जुना आणि हातखंडा उपाय आहे. पावसाळा आला की जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणे यांच्या परिसरात मनाई आदेश काढते. कोंडेश्वराला दर वर्षी कोणी ना कोणी बुडते, त्यामुळे आदेशामागचे कारण खरे असते, पण बदलापूर-अंबरनाथच्या पोरांना तिकिटाशिवाय जाता येण्यासारखे तेवढेच ठिकाण असते. आता हीच रीत फोनलाही लावावी, असे बोलले जाते. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवरची खाती नाकारणारा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. आपल्याकडच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीनेही तरुणांच्या मनाचा विषय समाजमाध्यमांशी जोडून मांडला. कंपन्यांना आवरायला हवे, यात शंका नाही. रात्री दोन वाजता मुलाला पुढची रील दाखवणारी यंत्रणा कोणीतरी पगार घेऊन घडवली आहे आणि तिला कायद्याची वेसण घालणे हे पालकांच्या हाताबाहेरचे काम आहे. पण त्या कायद्याने मोकळे झालेले तीन तास सिडनीतल्या मुलाने समुद्रकिनाऱ्यावर घालवले, तर कॅम्प चारमधला मुलगा ते कुठे घालवेल? मानसिक उपचारांचे मोठे सरकारी ठिकाण म्हणजे १९०१ पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय. तिथे जाण्याची कल्पनाच इथल्या घरांना अजून पेलत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तोही फोनवरच.

तिन्ही शहरांत एक जागा मात्र अजून शिल्लक आहे आणि तिच्यासाठी कोणाची इमारत पाडावी लागत नाही: शाळांची पटांगणे. शाळा सुटली की त्यांना कुलूप लागते. संध्याकाळी सहा ते नऊ ती उघडी राहिली, आठवड्यातले काही दिवस फक्त मुलींसाठी ठेवली, तर नवी मैदाने मिळेपर्यंत एक पिढी तरी निभावेल. शाळाचालक लगेच जबाबदारीचा प्रश्न काढतील आणि २०२४ नंतर बदलापुरात तो प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ शकत नाही. शाळेचे दार उघडे ठेवा असे तिथल्या आईला सांगणे अवघड आहे. त्याच घटनेनंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे करणारा निर्णय काढला. कॅमेरे तर लागतीलच. त्यांच्या जोडीला दिवे, पगारी पहारेकरी, मुलींच्या वेळेला महिला प्रशिक्षक आणि झालेल्या प्रकाराची दाद घ्यायला पालिकेचा एक नाव-हुद्दा असलेला अधिकारी, एवढ्याची तरतूद पालिकांच्या अंदाजपत्रकात मावणारी आहे.